तारप्याकडे तोंड

फौजेची पोस्ट, बर्फातली. सहाला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर; सातला चहा, आठला पेट्रोल, म्हणजे गस्त. मी हवालदार, गाव जामसर. सोमा हुद्द्यानं नाईक, मोखाड्याकडच्या पाड्यावरचा.

मी पहिल्यापासून किरकिरा. चहा गरम असला तर गोड जास्त, गोड बरोबर असला तर गार. सोमा उलटा. डब्यातली डाळ चाटून म्हणायचा, "माझ्या लग्नात पण अशी नव्हती!"

त्यानं गावाहून तारपा आणला होता. दुधी आणि बांबूचं, आमच्याकडचं फुंकायचं वाद्य. रविवारी दुपारी तो मध्ये उभा राहून वाजवायचा आणि आम्ही हात गुंफून त्याच्याभोवती फेर धरायचो. नियम एकच, नाचताना तारप्याला पाठ दाखवायची नाही. सिग्नलचा लान्स नाईक बलवंत, गढवालचा पहाडी गडी, हमखास गिरकी घ्यायचा.

"पाठ! सगळ्यांचे चहाचे मग धू!" सोमा ओरडायचा. बलवंत हसत हसत धुवायचा.

त्या दिवशी पेट्रोलवर आम्ही पाच जण, एका दोरीला बांधलेले. अकरा वीसला बर्फाचं वादळ आलं. स्वतःचा हात दिसेना. बलवंतनं रेडिओवर सांगितलं, "परत येतोय. पाच. ओव्हर."

सोमा पुढं झाला. डाव्या हाताचा मोजा काढून बर्फाखालची खुणेची दोरी चाचपत निघाला. दातात शिट्टी, आणि शिट्टीत तारप्याचीच चाल.

"शिट्टीकडं तोंड ठेवा! पाठ नाय फिरवायची!"

सगळ्यात मागं बलवंत, त्याच्या पुढं मी. वाटेत कडेचा बर्फ खचला. दोरीला हिसका बसला, मी आडवा झालो. मग माझ्या मागची दोरी तुटून एकदम हलकी झाली. हाका मारल्या. उत्तर आलं नाही.

एक दहाला पोस्टवर पोचलो. मी रिपोर्ट दिला, "पाच गेले, चार आले, सर." बलवंत तिसऱ्या दिवशी सापडला, बर्फाखाली.

सोमाच्या उघड्या हाताची दोन बोटं गारठून मेली, कापावी लागली. त्यानंतर त्यानं तारप्याला हात लावला नाही, हसलाही नाही. मी घाबरलो. बोटांसाठी नव्हे हो, त्या हसण्यासाठी. ते गेलं तर सोमा उरला कुठं?

दोघंही रिटायर झालो. जव्हारला माझं घर झालं, पेन्शन चालू झाली, किरकिर तेवढीच राहिली. स्वभावाला औषध नाही म्हणतात.

गेल्या कापणीनंतर सोमाचा निरोप आला, पाड्यावर ये. गेलो तर पठ्ठ्या अंगणात तारपा घेऊन उभा! दोन भोकं मेणानं बुजवलेली.

"अरे, हे काय?"

"दोन सूर गेले. बाकीचे हायेत ना? त्यांनी काय गुन्हा केला?" आणि हसला. तेच जुनं हसणं!

मला इतका आनंद झाला की मी बूट काढून फेरात शिरलो. पाड्यावरच्या बाया-माणसांबरोबर तासभर नाचलो. माझी जागा शेवटची, एक हात मोकळा. मध्येच डोळे भरून आले. कुणाला दिसू नये म्हणून मी वळून पुसायला लागलो.

तारपा थांबला.

"हवालदारसाहेब, पाठ! सगळ्यांचे कप!"

अख्खा पाडा हसला. मी मुकाट्यानं मोरीपाशी बसलो आणि सगळे कप घासले. उठताना सोमानं आणखी एक कप पुढं केला. कोरा, कुणी न प्यालेला.

"हा बलवंतचा," तो म्हणाला. "आज त्याची सुट्टी."

मी तोही धुतला.