भाऊसाहेबांचा हात आणि माझा टिकटिक्या

पिशवीत दोन साड्या, डब्यात मेथीचे पराठे आणि रुमालात गुंडाळलेला टिकटिक्या. एवढ्या सामानावर मी पुण्याहून अहिल्यानगरच्या एसटीत चढले, तेव्हा शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं वाटत होतं. टिकटिक्या म्हणजे किरणमापक. जवळपास किरणोत्सर्ग किती आहे ते टिकटिक करून सांगणारं, हातात मावणारं यंत्र. एका रुग्णालयाच्या किरणोपचार विभागात तंत्रज्ञ म्हणून मी जन्म काढला. निवृत्त झाल्यावर लोक विणकाम नाहीतर भजनी मंडळ धरतात, मी हे यंत्र विकत घेतलं. घरचे वैतागलेत, पण माझी हौस काही फिटत नाही.

जायचं होतं शेवगावला. भाऊसाहेबांचा फोन आला होता. हे भाऊसाहेब तरुणपणी पुण्यात भंगाराच्या दुकानात कामाला होते. कुठल्यातरी जुन्या यंत्राचं जाड कवच फोडताना आतून धातूचा चकचकीत तुकडा निघाला. तो मुठीत धरून ते कौतुकानं सगळ्यांना दाखवत हिंडले. तुकडा किरणोत्सर्गी होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली, रक्तातल्या पेशींचं प्रमाण घसरलं, कित्येक महिने ते आमच्या रुग्णालयात पडून होते. पण गडी जगला, गावी परतला, लग्न केलं, मुलगी झाली. आता त्या मुलीचं लग्न ठरता ठरता अडलं होतं.

"ताई, परवा सुपारी फोडायची हाय," ते फोनवर म्हणाले. सुपारी फोडणं म्हणजे चार माणसांत लग्न पक्कं करणं. "आन आता पाव्हनं म्हनत्यात, बापाच्या अंगात किरनं हायेत, ती लेकीत उतरली आसतील, मंग नातवंडं कशी निपजायची? डाक्टरचा कागद दावला, तर म्हनत्यात कागद कुनीबी देतं. तुमी या. यंत्र घिऊन या."

"येते," मी म्हटलं. "आणि बघतेच कोण कसं मोडतंय ते!"

पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं असलं तरी कंडक्टर "नगर, नगर, उतरा!" असंच ओरडत होता. स्टँडजवळच्या खाणावळीत शिपी आमटी (डाळींची झणझणीत आमटी) आणि बाजरीची भाकरी मागवली. पहिल्या घासाला नाक वाहायला लागलं, दुसऱ्याला डोळे, आणि तिसऱ्याला मी आणखी एक वाटी मागितली. त्या वाटीपायी शेवगावची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली! हात धुवायचेच होते, नाहीतर धावले असते. पुढची गाडी यायला तास लागला, पण आमटीवर माझा जरासुद्धा राग नाही.

करंजी घाट लागला तसा मला राहवेना. दोन्ही बाजूंना काळाकभिन्न खडक, खाली ज्वारीची ताटं वाऱ्यावर डुलतायत, आणि यंत्र पिशवीत कसं ठेवायचं? काढलं, सुरू केलं. टिक... टिक... टिक.

शेजारच्या बाई दचकल्या. "बाई, त्यात बाँब-बिंब न्हाई ना?"

"अहो नाही! खडकातून, आभाळातून किरणं येत असतात. ती मोजतंय."

"आन मंग आमच्या घाटातून किती येत्यात?"

"अगदी थोडी. आपला काळा दगड फार गुणाचा आहे."

"हायेच मुळी," बाई अशा तोऱ्यात म्हणाल्या, जसा काही तो दगड त्यांच्या माहेरचा होता. तिसगावला उतरताना त्यांनी माझ्या ओंजळीत बोरं ओतली.

शेवगावच्या स्टँडवर भाऊसाहेब उभे होते. केस पिकलेले, उजवा हात उपरण्याखाली. मी पाहिल्याबरोबर आनंदानं पुढे झाले, तर हा माणूस चार पावलं मागे सरला आणि लांबूनच नमस्कार केला. मला वाटलं, लाजले असतील.

घरी गेल्यावर खरा प्रकार कळला. जेवायला सगळे ओळीनं बसलो आणि भाऊसाहेब एकटे ओट्याच्या टोकाला. त्यांचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा वेगळी. मुलगी सोनाली, डी.फार्म झालेली, हसऱ्या डोळ्यांची पोरगी, माझ्या पानात भाकरी वाढत सहज म्हणाली, "आण्णा पहिल्यापासून असेच आहेत. मी लहानपणी पडले तरी लांबून आईला हाक मारायचे, ‘पोरगी पडली, उचल’ म्हणून. मला वाटायचं, मुलगी झाली म्हणून रुसलेत."

माझा घास हातातच राहिला. "भाऊसाहेब, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्याच दवाखान्यात ऐकलं. रांगेत म्होरं एक बाई हुत्या. डाक्टर त्येन्ला सांगत हुते, ताट वेगळं ठेवा, कपडे वेगळे धुवा, लेकराला जवळ घेऊ नका."

"अरे देवा! त्या बाईंना किरणोत्सर्गी औषध पाजलं होतं. ते पोटात असतं, लघवीतून, घामातून बाहेर पडतं, म्हणून थोडे दिवस जपायचं. तुम्ही काही प्यायला नव्हता! तुमच्या हाताला बाहेरून किरणं लागली. तुकडा काढून घेतला तेव्हाच ती संपली. चुलीनं भाजलेला माणूस दुसऱ्याला भाजतो का?"

"मला कुठं म्हाईत," ते हळूच म्हणाले. "म्हनलं, आपल्यामुळं लेकराला काय नगं व्हायला."

आणि मला सगळं उमगलं. पाहुण्यांनी चौकशी केली तेव्हा गल्लीतल्यांनी हेच सांगितलं असणार, सख्खा बाप लेकीला हात लावत नाही. झालं! यापुढे कुठला कागद टिकणार? मायेपोटी जपलं, तेच पोरीच्या मुळावर आलं. मला इतका संताप आला की त्या रात्री मी भाताला हातसुद्धा लावला नाही.

सकाळी मुलाच्या घरी गेलो. मुलाचे वडील आसाराम, मंडप आणि रोषणाईचा पिढीजात धंदा, आवाज लाउडस्पीकरची गरज नसलेला. सतरंजीवर दोन्हीकडची माणसं बसली. चहा आला, पण सुपारीचं तबक काही बाहेर येईना. मी सरळ टिकटिक्या काढला.

टिक... टिक...

"वाजलं! वाजलं!" सगळे भाऊसाहेबांकडे बघायला लागले.

"थांबा हो! ते इथे नुसतं ठेवलं तरी वाजणार." मी उठले. लिंबाच्या झाडाला लावलं, पाण्याच्या टाकीला लावलं, आसारामांच्या पोटाला लावलं. सगळीकडे तेच रेंगाळत टिक... टिक. मग भाऊसाहेबांचा हात उपरण्यातून बाहेर काढला. आकसलेली कातडी, तीन बोटं. यंत्र अगदी टेकवलं. तेच. लिंबाइतकंच.

"मी खोटं बोलणार नाही," मी म्हटलं. "यांच्या स्वतःच्या अंगाला इजा झाली होती, तिचा धोका कायम थोडा राहतो. रक्त तपासायचं, कातडीवर लक्ष ठेवायचं, ते जन्मभर. पण याहून कितीतरी जास्त किरणं अंगावर घेतलेल्या माणसांची मुलं डॉक्टरांनी वर्षानुवर्षं तपासली आहेत. आईबापांचं हे दुखणं मुलांत उतरलेलं आढळलं नाही."

आसाराम मान हलवायला तयार नाहीत. "यंत्रच बिघडल्यालं आसंल. कुटं जोरात वाजवून दावा, मंग खरं!"

आली का पंचाईत! आता वाजवायचं कशावर? इकडेतिकडे बघते तर गोदामाच्या दाराशी खिळ्याला जुनी गॅसबत्ती लटकलेली. वरातीत डोक्यावरून नेत, ती. माझ्या अंगात वीज शिरली.

"आसारामभाऊ, हिच्या जाळ्या आहेत का? जुन्या, कोऱ्या?"

"हायेत की खोकंभर."

खोकं आलं. मी एक जाळी, बत्तीत ज्योतीसाठी बांधतात ती कापडी पिशवी, उघडून यंत्र वर धरलं आणि काय सांगू! कर्रर्रर्र! कढईत मोहरी तडतडावी तसं. माणसं सतरंजी सोडून उठली, एकाचा चहा दुसऱ्याच्या धोतरावर सांडला. जुन्या जाळ्यांत थोरियम नावाचा किरणोत्सर्गी पदार्थ असतो, प्रकाश पांढरा पडावा म्हणून घालत. मला ठाऊक होतं, पण इतकी झकास साक्ष द्यायला ती हजर असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

आसारामांचा चेहरा पडला. "आवो, मी तर तिचा दोरा दातानं वढून बांधायचो. आख्खी लगीनसराई!"

"मुलं किती तुम्हाला?"

"चार. नातवंडं पाच."

"कशी आहेत?"

"दनकट हायेत!"

"मग? भाऊसाहेबांनी आपली पोरगी या घरात द्यावी का नाही, विचार करावा लागेल."

आसारामांची बायको आतून फिसकन हसली, तिच्यामागे सगळे. मी त्यांना समजावलं, जाळीत माल अगदी थोडा असतो, घाबरायचं नाही, पण खोकं पोरांच्या हाताशी ठेवू नका, जळक्या जाळीची राख नाकात जाऊ देऊ नका. कोणी धड ऐकलं नाही. आसाराम ओरडत होते, "तबक आना गं! बघत काय बसला?"

सुपारी फुटली. मग व्याहीभेट (दोन्ही बापांनी गळाभेट घ्यायची). आसारामांनी हात पसरले, भाऊसाहेब सवयीनं मागे सरकले. "लांबूनच करू," म्हणाले. आसारामांनी त्यांना असं कवेत धरलं की टोपी पडली.

दुपारी मला स्टँडवर सोडायला बापलेक आले. रिक्षात सोनाली मध्ये, पलीकडे भाऊसाहेब अंग चोरून बसलेले. मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. बराच वेळ त्यांनी तो तीन बोटांचा हात मांडीवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. शेवटी स्टँड यायच्या आधी तो सोनालीच्या डोक्यावर टेकला. पोरगी हललीसुद्धा नाही, जणू पाखरू बसलंय.

परतीच्या एसटीत मी यंत्र काढलंच नाही. किरणांनी रक्ताचं काय होतं, हाडांच्या मगजाचं काय होतं, डोळ्यांचं काय होतं, हे मी जन्मभर नवख्या पोरांना शिकवत आले. पण भीतीपोटी लेकराला लांब ठेवायचं हे दुखणं मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मी कोणाला शिकवलं नाही. उद्याच जुन्या विभागात जाऊन सांगणार आहे, रोग्याला घरी पाठवताना काय टाळायचं ते सांगता, तसं काय टाळू नका तेही सांगा.

गाडी सुटताना सोनाली खिडकीखाली आली होती. डोळे भरलेले, तोंडभर हसू.

"मावशी," ती म्हणाली, "आण्णांचा हात किती गरम आहे हो. मला माहीतच नव्हतं."