खाऱ्या वाऱ्यापासून राऊटरचा बचाव

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नुसती मान हलवून चालणार नाही. ही फजिती दुसऱ्या कोणाची असती तर मी स्वतः गावभर सांगत फिरलो असतो. पण आहे माझीच, काय करता!

मी समुद्रकाठच्या नवापूरचा. घरचे सगळे दर्यावर, मी एकटा उलट्या दिशेने निघालो आणि बोईसरला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला लागलो. रिटायर होईपर्यंत तेच केलं. पॅनल बसवायचा म्हटलं की मला हाक. पॅनल म्हणजे लोखंडी पेटी, दाराला चारी बाजूंनी रबरी पट्टी, वायरी आत घ्यायची भोकं घट्ट आवळलेली आणि वर अर्थिंग. माझ्या पॅनलमध्ये मुंगी शिरली तर नोकरी सोडेन, असं मी सगळ्यांना सांगायचो. शेवटपर्यंत नोकरी सोडावी लागली नाही, यावरून काय ते समजा.

आणि आमच्याकडचा वारा! खारा म्हणजे किती खारा? बिजागऱ्या गळून पडतात. माझ्या भावाच्या नव्या फ्रिजला दोन पावसाळ्यांत भोक पडलं आणि तो म्हणाला, बरं झालं, आत काय आहे ते दार न उघडता दिसतं.

तर आमची मुलगी प्राची. पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत आहे. बारावीनंतर घराबाहेर पडली ती पुढे सणासुदीलाच यायची, तीही पाहुण्यासारखी. या वर्षी तिच्या साहेबांनी सांगितलं, घरून काम करायचं तर कर, पण आधी आठवडाभर करून दाखव. शुक्रवारी परदेशातल्या लोकांबरोबर मीटिंग आहे. ती नीट झाली तर दिवाळीपर्यंत तिकडेच राहा. नाहीतर सोमवारी ऑफिसला ये.

हे कळल्याबरोबर आमच्या मंडळींनी, म्हणजे मंदाने, प्राचीची खोली धुवायला काढली. मला पुढच्या दोन रात्री नीट झोप लागली नाही. पोरगी घरी राहावी असं फार वाटत होतं हो. घरात आम्ही दोघंच. मी काय बोलणार हे मंदाला आधीच पाठ, आणि तिचं मला.

प्राची यायच्या आदल्या दिवशी केबलवाला हरेश आला. शेजारच्या दांडी गावचा, जवळपास माझ्याच वयाचा. त्याने ओटीवरच्या भिंतीला राऊटर लावला, हिरवे दिवे पेटले, चहा पिऊन गेला. मी राऊटरकडे बघत राहिलो. नाजूक, पांढरा, प्लास्टिकचा, आणि समोरून येणारा तो वारा! दिवाळीपर्यंत हा जगणार कसा?

मग मी माझं हत्यार बाहेर काढलं. माळ्यावर एक जुना पॅनल होता. घासला, रंगवला, नवी रबरी पट्टी लावली, भिंतीला ठोकला, राऊटर आत बसवला. वायरींची भोकं आवळली. अर्थिंगसुद्धा दिलं. दारावर कवटीची 'धोका' पाटी लावली, कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. काम बघून मला माझाच अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी प्राची आली, आतल्या खोलीत लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, नेट नाही. राऊटर कुठे आहे विचारलं, तर मी सांगितलं, ओटीवर, एकदम सेफ. बाप एवढी वर्षं विजेच्या कामात, तिने पुढे काही विचारलं नाही. चूक तिचीही आहेच की थोडी!

हरेशला फोन केला. तो यायच्या आधी मी पॅनलचं दार उघडलं, आतून फडकं मारलं. बाहेरचा माणूस आपलं काम बघणार, नको का चकाचक दिसायला? हरेशने दिवे बघितले, दोन बटणं दाबली. आतून प्राची म्हणाली, आलं. हरेश गेला, मी दार लावलं, कुलूप घातलं. प्राची म्हणाली, गेलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हरेश आला, नेट आलं. हरेश गेला, नेट गेलं. तिसऱ्या दिवशीही तेच. हरेशने वायर बदलली, पिन बदलली, राऊटरसुद्धा नवा आणला. शेवटी लॅपटॉपवर संशय घेतला. प्राचीने मोबाईल दाखवला, त्याचीही तीच रड. शेजारचे म्हणाले, जवळच्या अणुवीज केंद्राच्या मोठ्या तारांमुळे होत असेल. मी मात्र विजेचा माणूस. मी शास्त्रशुद्ध विचार केला. प्रत्येक वेळी बदलतंय काय? हरेश! तो असला की नेट असतं. म्हणजे हरेशला जाऊच द्यायचं नाही.

शुक्रवारी मी त्याला जेवायला बोलावलं. सरंगा आणला, कोळंबी आणली. मंदाला कारण सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

हरेश आला. नेहमीसारखा फडकं मारून पॅनल उघडा होताच. नेट जोरात. प्राचीची मीटिंग सुरू झाली, आतून तिचं फाडफाड इंग्रजी ऐकू यायला लागलं. आम्ही ओटीवर पानावर बसलो. म्हटलं, आता हरेश इथेच आहे, काळजी नाही. उगाच वारा कशाला लागू द्यायचा? उठलो, पॅनल लावून घेतला. गडबडीत किल्ली मात्र कुलपालाच राहिली.

इंग्रजी थांबलं. प्राची बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"पप्पा, गेलं. सगळे वाट बघतायत."

मी हरेशकडे बघितलं. त्याचा घास हातातच.

"दादा, मी तर हितंच हाय," तो म्हणाला. "हललो पण नाय."

माझं सगळं शास्त्र तिथेच संपलं. डोळ्यांसमोर सोमवारची पुण्याची गाडी दिसायला लागली. 

तेवढ्यात माशांच्या वासाने आमची मांजर ओटीवर आली, आणि पान सोडून थेट कोपऱ्यात ठेवलेल्या मंदाच्या सुक्या बोंबलांच्या पिशवीवर गेली. मंदाने पिशवी उचलली, इकडेतिकडे बघितलं. किल्ली दिसली. तिने पॅनल उघडला आणि पिशवी आत कोंबली.

"आलं," आत धावत गेलेली प्राची ओरडली.

मंदाने दार लावलं.

"गेलं!"

मंदाने उघडलं. आलं. लावलं. गेलं. हरेश हात धुवायचा विसरून बघत होता.

"अवो," मंदा शांतपणे म्हणाली, "ज्या पेटीतून बोंबलाचा वास भायेर येत नाय, तिच्यातून नेट कसा येल?"

 वायरलेसची लहर लोखंडातून जात नाही हे मी स्वतः कारखान्यात नव्या पोरांना शिकवलेलं!

वाऱ्याने दार सारखं मिटत होतं. राऊटर काढायला गेलो तर बंद पडेल ही भीती. मग मीटिंग संपेपर्यंत मी पॅनलचं दार हाताने धरून उभा राहिलो. समोर माझा सरंगा थंड होत होता, आणि हरेशने दुसऱ्यांदा भात घेतला.

मीटिंग संपली. प्राची बाहेर आली आणि माझ्या गळ्यात पडली. राहणार होती, दिवाळीपर्यंत. खोटं कशाला सांगू, केवढं ओझं उतरलं! मी तसाच ओटीवर बसलो आणि थंड सरंगा खाल्ला. असा सरंगा पुन्हा मिळायचा नाही.

आता राऊटर उघड्या भिंतीवर खारा वारा खात असतो. गंजला तर गंजू दे. पॅनल स्वयंपाकघरात गेला. कवटी, 'धोका', सगळं तसंच, आत सुके बोंबील आणि जवळा. केळव्याची मेहुणी आली की मंदा तिला कौतुकाने दाखवते.

"ह्यांनी वायफायसाठी केलता. ह्यांच्या उभ्या नोकरीत एवढा चांगला काम नाय झाला. मांजर आत जात नाय, आन् नेट भायेर येत नाय."