लावणी संपली त्या दिवशीची मुलाखत

भिजलेल्या मातीचा वास आला की मला विंझरचं आमचं भाताचं खाचर दिसतं. मी फ्रान्समध्ये शिकत होते, सुट्टीत घरी आले होते आणि फ्रान्समधल्याच एका माती-प्रयोगशाळेतल्या इंटर्नशिपची मुलाखत मोबाईलवर व्हिडिओ कॉलने होती. रेंज फक्त बांधावर यायची. धुक्यात डोंगर विरघळत होते आणि मी पत्रक वाचावं तशी पाठ केलेली फ्रेंच वाक्यं म्हणत होते, विज्ञान कष्टकऱ्यांचं आहे! तेवढ्यात वहिनीनं मागून येऊन माझ्या दोन्ही गालांना चिखल फासला. लावणी संपली की घरच्या कुणी स्वच्छ राहायचं नाही, ही आमच्याकडची रीत. "अगं वहिनी, मुलाखत चाललीय!" "मग काय झालं वन्सं, मॅडमलाबी लावू का?" खाचरातल्या बाया खदखदून हसल्या. मुलाखत घेणाऱ्या पडद्यावरच्या बाईंनी थंडपणे विचारलं, तोंड धुऊन येणार का? जागा गेलीच, असं वाटलं. तरी म्हणाले, "नाही. आज आमची लावणी संपली, आज आम्ही असेच असतो." मग मोडक्या फ्रेंचमध्ये पाणी, रोपं, वाकलेल्या पाठी असं सुचेल ते सांगत राहिले आणि बाई हळूहळू पुढे झुकून ऐकू लागल्या. जागा मला मिळाली. आता त्याच प्रयोगशाळेत नव्या मुलांच्या मुलाखतीला मलाही बसवतात, तेव्हा त्यांचं पाठांतर मी संपू देते आणि मग विचारते, आज तुमच्या घरी काय चाललंय?