डावीकडचा राक्षस

बाबर सर एकच खेळ लागोपाठ तीनदा खेळायचे आणि एकदाही हसायचे नाहीत. साताऱ्यातल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ते लिनक्स ही संगणकप्रणाली शिकवायचे, मी कॉम्प्युटरवरची ऑफिसची कामं. रहिमतपूरहून स्कूटरने यायचे. बोलणं गावचं, काम मात्र काटेकोर.

भुयारात राक्षसांना गोळ्या घालण्याच्या एका गाजलेल्या खेळाचा मूळ प्रोग्रॅम त्याच्या मालकांनी तेव्हा नुकताच कुणालाही बदलता येईल असा खुला केला होता. हौशी मंडळींनी तो आपापल्या परीने लिनक्सवर आणला. सरांनी त्यातले तीन अवतार मिळवले होते. एक मूळ खेळाबरहुकूम, एक चित्रं गुळगुळीत करणारा, एक मान वर-खाली करू देणारा. दुपारच्या सुट्टीत तेच भुयार त्याच वाटेने तिन्हींत पार करायचे आणि फरक वहीत लिहायचे. "वाट बदलली की तुलना बाद, मॅडम," म्हणायचे.

एका मार्चमध्ये ते तिसऱ्या अवतारात एकाच खोलीत मरू लागले.

"ह्यात डावीकडचा राक्षस दिसतच न्हाई. गोळी तेवढी लागती."

तो अवतार करणाऱ्या परदेशातल्या माणसाला त्यांनी ई-मेल पाठवली. चार दिवसांनी दुसऱ्यातही तसंच झालं. मग पहिल्यातही.

"तिघांनी एकच चूक कशी केली असंल?" त्यांचा आवाज खाली आला होता.

मी शेजारी बसले. खोलीचं दार उघडलं. डाव्या कोपऱ्यात राक्षस धडधडीत उभा होता.

"सर, दिसतोय की."

"कुठं?"

मी पडद्यावर बोट टेकवलं. त्यांनी अख्खी मान वळवली, तेव्हा कुठे नजर त्याच्यावर गेली. तोवर गोळी लागून पडदा लाल झाला.

"कवापासनं उभा हाय ह्यो?"

मला आठवलं, गेले पंधरा दिवस आत येताना सरांचा डावा खांदा चौकटीला घासत होता. मी टेबलावरची स्कूटरची किल्ली उचलली.

"रस्ता पाठ हाय मला," ते म्हणाले.

मी मूठ उघडली नाही. मग त्यांनी वही मिटली. "एसटीनं जातो."

सांगलीच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. मेंदूत गाठ होती, मोठी. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी भेटायला गेले, तर सर ई-मेलचा मजकूरच सांगू लागले. "लिव्हा, मॅडम. खेळात दोष न्हाई. माझ्या डोक्यात हाय."

"हे नंतर पाहू, सर."

"न्हाई. तो माणूस तिकडं चूक शोधत बसला असंल."

मी ते इंग्रजीत करून पाठवलं. तीन दिवसांनी उत्तर आलं. त्याचा छापील कागद घेऊन मी सांगली गाठली. ऑपरेशननंतर सर शुद्धीवर आलेच नव्हते. त्याच सकाळी गेले होते.

त्यांच्या पत्नी हॉस्पिटलच्या बाकावर एकट्या बसल्या होत्या. हातातल्या कागदाकडे पाहून म्हणाल्या, "कुणाचं हाय?"

मी मराठीत सांगितलं. त्या माणसाने शोध थांबवला होता, आभार मानले होते आणि सरांची तब्येत विचारली होती.

"म्हंजे ह्यांचा निरोप पोचला."

"पोचला, वहिनी."

त्यांनी कागद घेतला, नीट घडी घातली आणि परत माझ्या हातात दिला.

"तब्येत विचारलीय नव्हं त्यांनी," त्या म्हणाल्या. "मग कळवायला पायजे."