शकूमावशींचे एकवीस फॉर्म

शकूमावशींच्या फोटोखाली आज जो आकडा फिरतोय, तो खोटा आहे.

मला माहितीये. तो मीच काढलाय.

काल सकाळी मावशी हार्ट अटॅकने गेल्या. दुपारपर्यंत आमच्या संस्थेचं पोस्टर तयार! फोटो, फुलं, प्रकल्पाला पैसे देणाऱ्या कंपनीचा लोगो आणि खाली ठळक अक्षरांत, मावशींमुळे किती टक्के मुलं शाळेत टिकली ते.

लाज वाटते का कुणाला?
मला वाटतेय. फार उशिरा वाटतेय.

मावशी पाथर्डीकडच्या एका वाडीत आमच्या कार्यकर्त्या. मी सावेडीच्या ऑफिसात पंख्याखाली बसून इम्पॅक्ट मोजणारी.

प्रकल्पाचं काम एकच. आईबाप ऊसतोडीला गेले तरी मुलं गावात, शाळेत राहिली पाहिजेत.

कंपनीला रिपोर्ट मार्चमध्ये हवा, म्हणून आम्ही सर्व्हे लावला जानेवारीत. तेव्हा अर्धी वाडी उसाच्या फडात. दारांना कुलपं.

मी फोनवर सांगितलं, "बंद घर असेल तर शेजारचं घ्या."

मावशी उखडल्या. "अगं, ज्यांच्यासाठी काम काढलं तीच घरं सोडू व्हय? शेजारी मास्तर ऱ्हातो. त्याची पोरं जात्यातच की शाळंत!"

ऐकतील त्या मावशी कसल्या. दोन एसट्या बदलून कोल्हारकडे गेल्या. फडाच्या कडेला ऊसतोड्यांच्या कोप्यांमधून, पाचटाच्या झोपड्यांमधून, आपल्या वाडीची माणसं हुडकली. चुलीपाशी बसून एकवीस घरांचे एकवीस फॉर्म भरून आणले.

'मूल सध्या शाळेत जातं का?'
बहुतेक फॉर्मवर एकच उत्तर. नाही.
मुलं तिथंच होती, कोपीपाशी, धाकट्या भावंडांना सांभाळत.

आणि मी काय म्हणाले? "मावशी, हे कार्यक्षेत्राबाहेरचं आहे. घेता येणार नाही."

"जागा भाईरची आसंल. मानसं तर आपलीच हायेत ना?"

फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये गेले. त्यांच्या जागी मी दुसऱ्या कार्यकर्त्याकडून शेजारची एकवीस घरं भरून घेतली. आकडा मस्त आला. कार्यक्रमात कंपनीचे साहेब "वंडरफुल" म्हणाले, टाळ्या झाल्या, मावशींना शाल-नारळ मिळाला.

बाहेर चहा घेताना त्यांनी हळूच विचारलं, "माजे फॉर्म घेतले का गं?"

"बघते, मावशी."

दोन वर्षं मी बघतच होते. दर फोनला त्या विचारायच्या, दर वेळी मी हेच सांगायचे.

चीड येते हो. तिने प्रश्न विचारला की आमच्या कपाळावर आठ्या पडायच्या. म्हातारीला सिस्टीम कळत नाही, म्हणून आम्ही हसायचो. आज तिचाच फोटो लावून मिरवतोय. सिस्टीम तिलाच कळली होती. आम्हाला फक्त पीपीटी कळायची.

आज सकाळी सगळे हार आणायला गेले तेव्हा मी ड्रॉवर उघडला. एकवीसच्या एकवीस फॉर्मची एंट्री केली, शेजारची घरं काढून टाकली. आकडा धाडकन खाली आला.

नवा रिपोर्ट कंपनीला पाठवला, ट्रस्टींना पाठवला. ऑफिसच्या ग्रुपवरही टाकला.

तेव्हापासून आमच्या संस्थेच्या सरांचे सात मिस्ड कॉल आहेत. नोकरी जाईल बहुतेक. जाऊ दे.

ते पोस्टर कृपा करून शेअर करू नका.

मावशी, फॉर्म हरवले नव्हते. मी दाबून ठेवले होते.

आज घेतले.

शेवटचा नमस्कार.