पिवळ्या पट्टीवरची दहा पावलं

इस्पितळाच्या फरशीवर पिवळी पट्टी चिकटवली होती. तिच्यावरून आधार न घेता दहा पावलं चालणाऱ्यालाच नव्या औषधाच्या पहिल्या चाचणीत घेणार होते. माझ्या भावाचा, सुधीरचा, मेंदूचा आजार दुर्मीळ. चालणं, बोलणं, गिळणं एकेक करून जातं. चाचणीत एकच जागा उरली होती.

सुधीरच्या आधी एका बाईचा नंबर होता. आठव्या पावलाला तिने भिंतीला हात लावला.

"डॉक्टर, सकाळी घरी नीट चालली हो ती. पुन्हा एकदा बघा," तिचा नवरा म्हणाला.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मला फार बरं वाटलं.

औषधालाही आधी त्यातल्या त्यात धडधाकट आजारीच लागतो. आणि आपल्या माणसासाठी आपण दुसऱ्याचं पडणं किती शांतपणे बघू शकतो, हे मला तिथे कळलं. लाज मात्र वाटली नाही.

सुधीर दहा पावलं चालला. चार महिन्यांत त्याचं गिळणं गेलं. औषधामुळेच ते लवकर गेलं, असं सांगून डॉक्टरांनी चाचणी बंद केली.

परवा त्या बाईच्या नवऱ्याचा फोन आला. त्या दिवशी त्याने माझा नंबर घेऊन ठेवला होता.

"ताई, ही अजून भिंत धरून चालते. तुमच्या भावाची जागा रिकामी झाली का?"

मी त्याला सगळं सांगितलं.

"तरी तुम्हाला निदान औषध मिळालं," तो म्हणाला.