रेकॉर्ड करू नकोस म्हणणारी नंदा

फोन नंदाच्याच नंबरवरून आला, म्हणून उचलता उचलता मी भूमितीचं पुस्तक उघडलं. संध्याकाळचे सहा, आमची शिकवणीची वेळ. पण पलीकडून तिचा धाकटा भाऊ बोलत होता. डेंग्यूचं निमित्त झालं, सोलापूरच्या दवाखान्यात नेलं होतं, पण नंदा वाचली नाही, म्हणाला. मी पुस्तक तसंच उघडं धरून बसले. इकडे सुरतेत, साड्यांच्या ढिगाशेजारी. शेवटचं तोंड बघायला पोचणंसुद्धा माझ्या हातात नव्हतं.

नंदा, म्हणजे महानंदा, माझी सोलापूरजवळच्या कुंभारी गावच्या शाळेतली मैत्रीण. आई अंथरुणाला खिळली आणि आठवीनंतर माझी शाळा सुटली. ती शिकत राहिली. लग्न होऊन मी सुरतेला आले, घरी बसून साड्यांना लेस लावू लागले. ती सोलापुरात बी.एड. करत होती. तिनंच मागे लागून मला दहावीला बाहेरून बसवलं, सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला आणि रोज व्हिडिओ कॉलवर शिकवू लागली. सहा वाजले की नवरा म्हणायचा, ‘‘आला मास्तरीणबाईंचा फोन, आता भाकरी जळणार.’’ जळायचीच. पण तिच्यामुळं मला पुन्हा पुस्तक हातात धरायची लाज वाटेनाशी झाली, हे उपकार मी कसे फेडू?

ती शिक्षिका व्हायला निघाली होती आणि भेटेल तो तिला सांगायचा की आता शिक्षकाचं काय काम, मोबाईलवर सगळं मिळतं. याचा तिला लई राग. मोबाईल तिला नको होता असं नाही. हृदय कसं धडधडतं हे तिनं मला व्हिडिओतच दाखवलं. फळ्यावर ते धडधडत नाही, म्हणाली. आणि वर्गात नुसतं पुस्तक वाचून दाखवणाऱ्या सरांचीही तिनं कधी बाजू घेतली नाही. ‘‘ते पण व्हिडिओच की,’’ म्हणायची, ‘‘फक्त चहा पिणारे.’’ तिचं म्हणणं एवढंच होतं, ‘‘व्हिडिओला तुजं तोंड दिसत न्हाय, सुरे. तू अडलीस तरी ते पुढंच जातंय.’’

तिच्या सराव पाठाची गोष्ट तिनं मला किती वेळा सांगितली असेल. बी.एड.ला खऱ्या वर्गावर पाठ घ्यायचा आणि मागच्या बाकावर बसून मार्गदर्शक सर गुण देणार. शहरातली शाळा, बरीचशी पोरं विणकरांच्या घरची, घरात तेलुगू बोलणारी. सरांच्या सांगण्यावरून तिनं मोठ्या पडद्यावर पावसाच्या चक्राचा व्हिडिओ लावला. वर्ग एकदम शांत. सरांनी शेरा दिला, उत्तम शिस्त. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं तर एकालाही धड सांगता येईना. पुढच्या पाठाला तिनं पडदा बंद ठेवला आणि पोरांना म्हणाली, आधी आपापसात तेलुगूत समजावा, मग मला मराठीत सांगा. वर्गात नुसता बाजार भरला. पोरं भांडून भांडून सांगू लागली, आणि हिचे गुण कापले गेले, कारण गोंगाट झाला. त्या संध्याकाळी ती मला धड शिकवूच शकली नाही. ‘‘शांत होती तवा त्यांना कायबी कळलं नव्हतं गं,’’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

माझ्या हातात लेस आणि कानात ती, अशी माझी ओढाताण व्हायची. म्हणून एकदा मी म्हटलं, तुझे धडे रेकॉर्ड करून ठेवते, काम करता करता ऐकेन. ती चिडलीच. म्हणाली, ‘‘रेकॉर्ड केलंस की नंतर बगते म्हणशील आणि आज ऐकणार न्हाईस. कळलं न्हाय तर आत्ता अडव मला.’’ तेव्हापासून नियमच झाला, रोज एकदा तरी तिला अडवायचंच. शाळेत असताना ‘कळलं नाही’ हे माझ्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. ते तिनं बाहेर काढलं.

तिचं खरं होतं. तरी आज मला तिचा राग येतो. एक धडा, नंदा, एक तरी ठेवू द्यायचा होतास! परीक्षा तोंडावर आली आहे, समरूप त्रिकोण अर्धे राहिलेत, आणि तुझा आवाज माझ्याकडे कुठंच नाही. फोन करणारे सगळे एकच समजूत काढतात, वाईट झालं, पण अभ्यासाची काळजी करू नकोस, मोबाईलवर सगळं आहे की. त्यांना मी काय सांगू?

त्रिकोणांचा व्हिडिओ मी लावते. सर चांगले आहेत, अक्षर सुंदर आहे. बाजूंची गुणोत्तरं मांडून झाली की ते हसून विचारतात, ‘‘समजलं ना?’’ परवा माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, ‘‘न्हाय, सर.’’ भाकरी खाता खाता नवऱ्यानं वळून बघितलं, कुणाशी बोलतेस म्हणून. तोवर सर पुढच्या उदाहरणाला लागले होते. मी व्हिडिओ मागं नेला. सरांनी तेच वाक्य, तसंच हसून, पुन्हा म्हटलं.